मझारन्या शेपट्या

डिसेंबरात पारोळ्याला, सात अंशांच्या सकाळी,
प्रयोगशाळेतली सोडियम लॉरिल सल्फेटची बाटली
रात्रीतून गढूळ होते.
तळाशी पांढऱ्या पापड्या, गोठल्या खोबरेल तेलासारख्या.
पुस्तकात याला क्राफ्ट तापमान म्हणतात.
भिलाभाऊ म्हणायचे, "त्याले थंडी वाजी राह्यनी,"
आणि बाटली पूर्वेच्या खिडकीत नेऊन ठेवायचे.
शेजारी स्वतः उभे, हात काखेत.

साडेनवापर्यंत पापड्या विरत.
ओळीने निजलेले रेणू कूस बदलत, उठत,
आधी एकेकटे पाण्यात हिंडत,
मग संख्या एका हद्दीपलीकडे गेली की
कुणी हाक न मारता जमत:
डोकी पाण्याकडे, शेपट्या आत,
साठ-सत्तर जणांचा एक गोळा.

हे मी फळ्यावर काढायचो.
वाटीभोवती खडू फिरवून वर्तुळ,
वर्तुळावर टिकल्या, टिकल्यांपासून केंद्राकडे
सायकलच्या आऱ्यांसारख्या सरळ रेघा.
बारा कार्बनांची शेपटी, ताठ, कवायतीतली.
परीक्षेत आकृतीला दोन गुण.

भिलाभाऊ तेव्हा मागच्या मोरीवर
ब्युरेट धूत होते. बोअरचं पाणी,
साबणाला फेस यायच्या आधी साय धरणारं.
त्यांच्या नखांच्या कडा कायम पांढऱ्या.
नळ बंद करून त्यांनी विचारलं,
"सर, या मझारन्या शेपट्या घुसमटतस नई का?"

वर्ग हसला. मीही, थोडा.
मग फळ्याकडे वळलो तर
साठ रेघा मी एका ठिपक्यात कोंबलेल्या.
चार-दोन टोकंसुद्धा तिथे मावली नसती.
बावीस वर्षं मी तो ठिपका काढत होतो.

मयूरी खैरनार, आमचीच जुनी विद्यार्थिनी,
संक्रांतीला जळगावहून गावी आली
ती पेनड्राइव्हवर वीस नॅनोसेकंद घेऊन,
दीड मिनिटावर ताणलेले.
पाणी लपवलेलं. गोळा राखाडी.
एकच शेपटी पिवळी, डोळ्याला सापडावी म्हणून.

आम्ही तिघं स्टुलांवर.
गोळा गोल नव्हताच.
भरताच्या वांग्यासारखा लांबट होई, पुन्हा आखडे,
एका अंगाने फुगे.
पिवळी शेपटी गुडघ्यात दुमडली,
आडवी झाली, शेजारणीच्या पाठीवरून सरकली,
आणि तिचं टोक, माझ्या हिशेबाने केंद्रात बसलेलं,
डोक्यांच्या फटीतून वर आलं,
पाण्याला लागलं,
परत आत.

"दखा, भाईर उनी," भिलाभाऊ म्हणाले,
इतक्या हळू की मोठ्याने बोललं तर ती बुजेल.

मयूरी सांगत होती:
मधोमध कुणाचीच जागा ठरलेली नाही.
ही कधीतरी गोळा सोडूनही जाईल,
ते बघायला अशा शेकडो फिल्मा
एकापुढे एक जोडाव्या लागतील.
तिच्या जागी दुसरी येईल.
आणि सेकंदाच्या काही हजाराव्या भागात
अख्खा गोळाच विस्कटून
भलतीकडे, भलत्यांसोबत जमेल.
बाटली मात्र तशीच दिसेल, स्वच्छ, स्थिर,
लेबल लावलेली.

"आखो एकदाव लाव, बेटी."
पाच वेळा लावली. पाचही वेळा ती बाहेर आली,
पाचही वेळा ते पुढे वाकले.
मग अकराला नळ जातो म्हणून उठून
उरलेल्या पिपेट धुवायला गेले.

मे महिन्यात ते निवृत्त झाले.
शाल दिली, नारळ दिला, भाषणात मी
शेपट्यांचं काहीच बोललो नाही.

यंदा बाटली मीच ठेवतो खिडकीत.
काही वेळा विसरतो, मग दुपारी हातात धरून बसतो.
फळ्यावर वाटी, वर्तुळ, टिकल्या, सगळं तेच,
दोन गुण आहेत शेवटी.
फक्त एक रेघ मी वाकडी काढतो,
मुरडत नेतो आणि
दोन टिकल्यांच्या मधून बोटभर बाहेर.

काल पहिल्या बाकावरच्या मुलीने
ती वहीत उतरवली,
जरा वेळ बघितली,
आणि खोडरबराने पुसून
सरळ केली.